भात वाळला का, हे यंत्राला कोण शिकवणार?

आपल्या कामशेतच्या आसपास आता बऱ्याच घरांत एखादं पोर इंजिनिअरिंगला आहे. कुणाचं तळेगावला जातं, कुणाचं लोणावळ्याला, कुणाचं लोकलने पुण्याला. ते शेवटच्या वर्षाला गेलं की एक दिवस म्हणतं, "आई, प्रोजेक्टला पैसे लागतील." माझ्या लेकीने आठ हजार मागितले. म्हटलं, बनवणार काय? तर म्हणाली, बनवायचं नाही, तयार मिळतो, लिहिलेल्या वहीसकट. आठ हजारात शेळी येते, बायांनो! मी पैसे दिले नाहीत. दोन दिवस घरात अबोला होता.

तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, सेन्सर सेन्सर म्हणतेस, ते असतं तरी काय? तिने सांगितलं ते मला पटलं. हाताला ऊन कळतं, नाकाला वास कळतो, तसा हा एक बारका भाग. त्याला एकच गोष्ट कळते, ऊब, ओल, उजेड, अंतर यांपैकी एखादी, आणि ती तो विजेच्या भाषेत सांगतो. आर्डुइनो नावाची हातभर नाही, वीतभरही नाही अशी पट्टी ते वाचून आकडा दाखवते. मी म्हटलं, मग भात वाळला की नाही, हे सांगेल का?

हे मी उगाच विचारलं नव्हतं. आदल्या वर्षी आमच्या गटाने इंद्रायणी पोत्यांत भरला तेव्हा दिवाळीत पाऊस झाला होता. भात वरून वाळलेला दिसत होता. महिन्याने चार पोत्यांना कुबट वास आला आणि व्यापाऱ्याने ती परत पाठवली. त्या धसक्याने पुढचा भात आम्ही भर उन्हात कडकडीत वाळवला, रात्रीही तसाच उघडा ठेवला. दिवसा ऊन, रात्री दव, दाण्याला आतून चिरा गेल्या आणि गिरणीत निम्मी कणी झाली. आख्ख्या तांदळाचा भाव कणीला कोण देतं?

कापणीच्या वेळी भातात शंभराला वीस-बावीस भाग पाणी असतं. ते साधारण चौदापर्यंत उतरलं की भात गिरणीला चांगला आणि साठवायलाही बरा. हे चौदा ओळखायचं कसं? सासूबाई दाणा दाताखाली धरतात. कट्ट वाजला की वाळला.

लेकीचं यंत्र असं. प्लॅस्टिकच्या डब्यात समोरासमोर दोन पत्रे बसवले, मध्ये भात ओतायचा. पत्र्यांमध्ये विजेचा भार किती साठतो हे पट्टी मोजते. कोरड्या दाण्यापेक्षा पाण्याने हा साठा कितीतरी पटीने वाढतो, म्हणून ओल्या भाताचा आकडा मोठा येतो. पण नुसत्या आकड्याला अर्थ नाही. तीनशे म्हणजे वाळला की ओला? ते ठरवायला तिने माझ्याकडून नमुने मागितले: कापला त्या दिवसाचा, एक ऊन दिलेला, दोन उन्हं दिलेला, असे आठ. सगळे घट्ट झाकणाच्या बरण्यांत. प्रत्येकातला शंभर ग्रॅम भात कॉलेजच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवला. शंभराचे शहाऐंशी उरले तर पाणी चौदा टक्के. इतका साधा हिशोब!

एकदा यंत्र म्हणालं वाळला, सासूबाई म्हणाल्या ओला. लेक हट्टाला पेटली. ओव्हनने सासूबाईंची बाजू घेतली. कारण काय, तर पोरीने भात पोत्याच्या तोंडाशी घेतला होता आणि सासूबाईंनी मधून. आता ती वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणचा घेते. दुसरी चूक मी दाखवली: ताडपत्रीवरचा गरम भात आणि घरातला गार भात, दोघांचा आकडा वेगळा येत होता. म्हणून भात सावलीत गार करून, दर वेळी तेवढाच मोजून डब्यात घालायचा. आणि हे माप इंद्रायणीचं. आंबेमोहोराला पुन्हा नव्याने नमुने लावावे लागतील.

असं काम आपल्या जिल्ह्यात नवं नाही. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने करता करता शिकायचं, गावाला लागतं ते बनवायचं, ही तिथली रीत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मदतीने 2002 मध्ये तिथे फॅब लॅब नावाची कार्यशाळा निघाली.

आता पोरं आणखी काय काय आणतात ते सांगते, म्हणजे ऐकताना फसणार नाही. गॅसगळतीचं यंत्र आणतील आणि ते भिंतीवर उंच लावतील. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. सेन्सर खाली हवा. शिवाय तो सेन्सर सतत तापलेला लागतो, त्यामुळे छोटी बॅटरी लवकर संपते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती असते? जमिनीची ओल सांगणारे दोन खिळे आणतील. त्यांतून सतत वीज सोडली तर ते थोड्याच दिवसांत गंजतात. आणि जुलैत खाचरात पाणी आहे हे सांगायला खिळे कशाला? गुलाबाच्या पॉलिहाउसला मात्र ओल सांगणारा चांगला सेन्सर उपयोगी. टाकी भरल्याची घंटा हवी, तर साधा तरंगता गोळा पुरतो.

पाऊस मोजायचं यंत्र मला स्वतःला आवडेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. नाणे मावळातल्या डोंगराखालच्या वाडीत रात्रीत किती पडला, हे तिथेच कळलं पाहिजे. 30 जुलै 2014 ला माळीण गाडलं गेलं, ते आपण विसरलेलो नाही. मात्र पोरांच्या यंत्रावर जीव टाकू नका. डोंगराला भेग दिसली तर आकड्याची वाट न बघता निघायचं.

प्रोजेक्टचा विषय जुलै-ऑगस्टात ठरतो आणि भात येतो दिवाळीच्या सुमाराला. म्हणून घरातल्या पोरांशी आत्ताच बोला, आणि कापणीला आठ बरण्या धुऊन, वाळवून ठेवा. आमच्या लेकीला एकंदर दीड हजार खर्च आला. डबा आता गटाकडे आहे, झाकण मात्र सारखं निघतं. ते बसवायला ती सुट्टीत येणार आहे.