छातीतली कळ अंगावर काढू नका
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आम्ही खामगावच्या जिनिंगमधले कामगार. पाळीवर एका सोबत्याच्या छातीत कळ आली, घाम फुटला, डावा हात भरून आला. आम्हीच म्हटलं, ‘गॅस झाला असन, सोडा घे.’ दवाखान्यात नेईपर्यंत खेळ खलास. चूक आमची, म्हणून बोलतो. शाहीर विठ्ठल उमपही नोव्हेंबर 2010 मध्ये दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

हृदयालाही रक्त लागते. त्याची नळी चरबीने अरुंद होते, तिथे रक्ताची गाठ अडकली की झटका येतो. बायकांना, साखरेच्या रोग्यांना कधी कळ येतच नाही. नुसता दम लागतो, मळमळते. ताबडतोब ईसीजी काढा. पहिला चांगला आला तरी पुन्हा काढतात, रक्तही तपासतात. नळी कुठे बंद, ते अँजिओग्राफीत दिसते. गाठ विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर, तितके कामी येते. म्हणून 108 ला फोन लावा. गाडी फुकट आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीही बसते.

बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नका. बीपी, साखर तपासत राहा. पाचव्या शीलाने आपण दारू सोडली. आता बिडी-तंबाखूही सोडू.

जयभीम! नमो बुद्धाय!