हरवलेली अक्षरे आणि दाखलनोंदवही



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या अध्यापकाने संगणकावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. पण काही वर्षांपूर्वी एका सकाळी ग्रंथसूचीच्या पडद्यावरून मराठी नाहीशी झाली, तेव्हा ग्रंथपालांनी निरोप धाडला तो मलाच. दुखणे अक्षरांचे, तेव्हा वैद्य मराठीचा, असा त्यांचा साधा हिशेब असावा.

आदल्या रात्री सर्व्हरवरील डेटाबेसची प्रणाली बदलून नवी आवृत्ती बसविली होती. पडद्यावर पुस्तकांच्या नावांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन:पुन्हा उमटत होता आणि त्याच्या पाठोपाठ कोठे चलनाचे एक गोल चिन्ह, तर कोठे जपानी येन. कन्नड पुस्तकांच्या नावांत मात्र येन नव्हता. तेथे त्याच ‘ए’पुढे बारीक २ आणि ३ हे आकडे लटकलेले होते. एवढी मोडतोड होऊनही दोन्ही भाषा आपापल्या जागी वेगळ्या ओळखू येत होत्या. सीमाभागातल्या माणसाला एवढी खूण पुरते! या पसाऱ्याला काही नियम आहे, म्हणजे अक्षरे गेलेली नाहीत, हे मला तेथे प्रथम जाणवले.

नियम पुढे उलगडला तो असा. युनिकोडमधील देवनागरी अक्षर साठविताना सामान्यत: तीन बाइट लागतात. पहिला बाइट सर्वांचा सारखाच. वाचणाऱ्याने तो पश्चिम युरोपच्या लिपीचा समजून वाचला की तो ‘ए’ दिसतो. दीर्घ ईकार, उकार, मात्रा, हलन्त ही चिन्हे तक्त्याच्या उत्तरार्धात येतात, म्हणून त्यांच्या वाट्याला येन. मायएसक्यूएल या प्रणालीच्या २००४ मधील ४.१ या आवृत्तीपासून प्रत्येक रकान्यावर ‘यात अमुक लिपी आहे’ अशी चिठ्ठी लागू लागली. आपण होऊन काही सांगितले नाही, तर ती चिठ्ठी लॅटिन-१ची असे आणि वर्णक्रम स्वीडिश, कारण कंपनी मुळात स्वीडनची. म्हणजे आपले खांडेकर आणि फडके कित्येक वर्षे स्वीडनच्या वर्णक्रमाने मांडले जात होते आणि आपल्याला पत्ताही नव्हता! २०१८ मधील आठव्या आवृत्तीने हा संकेत बदलून यूटीएफ-८ स्वीकारला. आपल्या जुन्या तक्त्यांवर चिठ्ठी तीच राहिली. नव्या प्रणालीने ती खरी मानली आणि मराठी बाइट लॅटिन म्हणून वाचून दाखविले. एका तक्त्याची तर अनुक्रमणिकाच मोडली होती. पण जुन्या धाटणीच्या तक्त्यांत माहितीची फाइल वेगळी आणि अनुक्रमणिकेची वेगळी असते, त्यामुळे ती नव्याने बांधता आली. कपाट शाबूत असले की कार्डे पुन्हा लिहिता येतात, तसेच हे.

खरे नुकसान झाले ते घाईमुळे. पहिल्याच दिवशी एका होतकरू साहाय्यकाने काही नोंदी पडद्यावर शुद्ध मराठीत पुन्हा टंकित करून जतन केल्या. हेतू चांगला होता. पण रकान्यात देवनागरीला जागाच नव्हती. प्रणालीने प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह लिहिले आणि खालचे मूळ बाइट पुसले गेले. संगणक काना, मात्रा, अनुस्वार वेगवेगळे मोजतो. त्या मोजणीने ‘ययाति’ची पाच प्रश्नचिन्हे होतात, ‘कोसला’ची पाच आणि आपल्या बेळगावच्या इंदिरा संतांच्या ‘मेंदी’चीही पाचच. त्या पाचांतून कोणते पुस्तक ओळखावे?

तेव्हा आम्ही सर्व्हर थांबविला, तक्त्यांची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि जे करायचे ते त्या प्रतीवर केले. थेट ‘रूपांतर करा’ अशी आज्ञा दिली असती, तर यंत्राने तो परका ‘ए’ खरा मानून निष्ठेने रूपांतरित केला असता आणि चुकीवर चुकीचा दुसरा थर चढला असता. म्हणून रकान्याची चिठ्ठी आधी काढून टाकली, आतले सारे नुसते बाइट आहेत असे प्रणालीला सांगितले आणि मग यूटीएफ-८ची नवी चिठ्ठी लावली. बाइटांना हात लागला नाही. पडदा पुन्हा उघडला, तेव्हा मराठी आणि कन्नड दोन्ही जशीच्या तशी परतली होती.

राहिली ती प्रश्नचिन्हे. दाखल क्रमांक आकड्यांत असल्याने ते बचावले होते. त्यांच्या आधाराने आम्ही हस्तलिखित दाखलनोंदवह्या उघडल्या. जागा अडते म्हणून या वह्या रद्दीत द्याव्यात, असा विषय त्याआधी एका बैठकीत निघाला होता. त्यास अनुकूल बोलणाऱ्यांत मीही होतो, हे येथे सांगितलेच पाहिजे. काळ्या शाईतल्या त्या सुवाच्य ओळींवरून ग्रंथपाल नावे वाचीत गेले आणि मी टंकित करीत गेलो. शीर्षके, लेखक, किंमत सर्व मिळाले.

देणगीदारांची नावे मात्र मिळाली नाहीत. संगणकावर नोंदी करताना ती पुस्तकांच्या पहिल्या पानांवरून घेतली होती, दाखलनोंदवहीत ती नव्हतीच. आणि पुढे पुस्तके पुन्हा बांधताना ती पाने निघून गेली. त्या रकान्यात आज आम्ही काहीही भरलेले नाही. अशा पुस्तकांच्या दाखल क्रमांकांची आणि नावांची यादी वाचनकक्षाच्या दाराशी लावली आहे. आपल्या वडिलांनी वा आजीने दिलेले पुस्तक तीत असल्याचे कोणास आठवत असेल, तर जाताना ग्रंथपालांकडे तेवढे लिहून द्यावे.