किल्ली कोणाकडे राहणार?

(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



समृद्धी महामार्गात आपल्या तालुक्यातल्या कितीकांची वावरं गेली, मोबदला हाती आला. कोणी निवृत्त झाले, त्यांना फंड मिळाला. मी बँकेतला म्हणून विचारतात, ‘साहेब, भाड्यानं द्यायला फ्लॅट कुठं घेऊ?’ अन् उत्तर मनात आधीच ठरलेलं असते : पुणे.

समजा, हिंजवडीकडे ६० लाखांत फ्लॅट घेतला अन् भाडं महिना १८,००० आलं. वर्षाचे झाले २,१६,०००. त्यातून मेंटेनन्स ३६,०००, एक महिना रिकामा गेला ते १८,०००, घरपट्टी-डागडुजी २०,००० वजा करा. उरले १,४२,०००. अडीच टक्केही पडत नाहीत! भाव वाढेलही, पण तो पैसा विकल्यावर हाती येतो. औषधपाण्याला दर महिन्याला लागतो त्याचं काय?

म्हणून गाव निवडताना आधी भाडेकरू पाहा. हिंजवडीत तो बहुतेक एकाच धंद्यातला. २०२० मध्ये कंपन्यांनी घरून काम सुरू केलं अन् पोट्टे खोल्या सोडून आपापल्या गावी आले. अमरावतीत विद्यापीठ, कॉलेजं, दवाखाने, सरकारी कचेऱ्या आहेत. एक खातं आटलं तरी दुसऱ्यातला बदलीवाला येतो. भाडं कमी, पण फ्लॅटही स्वस्त. (नांदगाव पेठच्या एमआयडीसीच्या भरवशावर आपल्या गावात प्लॉट पाहणारे भेटतात. बाप्पा, ते नांदगाव वेगळं!)

दुसरं, किल्ली कोणाकडे राहणार? नळ गळला तर पुण्याला कोण जाईल? पोरगा तिथं आहे म्हणता, त्याला कंपनीनं उद्या बंगळूरला पाठवलं तर? अमरावतीला सकाळच्या एसटीनं गेलं की संध्याकाळी घरी.

कागदाचं थोडक्यात सांगतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं करार लेखी करून नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे. तोंडी व्यवहारात वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. आणि स्वतः न राहणाऱ्या मालकाकडून तिथली सोसायटी जादा शुल्क घेते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही.

इसार देण्याआधी रात्री आठ वाजता त्या इमारतीखाली उभे राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा, चौकीदाराशी बोला. कोणाला आपला हिशेब मांडून पाहायचा असेल, तर संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो. येताना कागद घेऊन या.