कारखान्यांच्या शहरांतील नाद

घरांतील तरुण मुलानें ‘हेवी मेटल’ या नांवाचें संगीत लावलें कीं वडीलधारी मंडळी हळूच दार लोटून घेतात. हा तर निव्वळ गोंगाट, यांत कला ती कोणती, असा त्यांचा सवाल असतो. सवाल अगदींच अन्यायाचा नाहीं. परंतु हा गोंगाट कोणीं व कोणत्या परिस्थितींत घडविला हें ठाऊक झाल्यास निवाडा थोडा निराळा होण्याचा संभव आहे. या संगीतप्रकाराचा उगम कोठें, असें विचारतां बहुतेक जाणते लोक एकाच ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखवितात. ती म्हणजे ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्रज वाद्यवृंदाची, त्याच नांवाची पहिली ध्वनिमुद्रिका. ती १३ फेब्रुवारी १९७० रोजीं प्रसिद्ध झाली.

बर्मिंगहॅम हें इंग्लंडांतील धातुकामाचें शहर. त्यांतील ॲस्टन या कामगारवस्तींत टोनी आयोमी, ओझी ऑस्बर्न, गीझर बटलर व बिल वॉर्ड हे चौघे वाढले. महायुद्धांतील बॉम्बवर्षावाच्या खुणा त्यांच्या बालपणीं अद्याप बुजल्या नव्हत्या. शाळा सुटली कीं कारखाना, हीच तेथील रीत. आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. वयाच्या १७ व्या वर्षीं, नोकरी सोडण्याच्या अगदीं शेवटच्या दिवशीं, त्याचा उजवा हात यंत्रांत सांपडला आणि मधलें बोट व अनामिका यांचीं टोकें तुटलीं. तो डावखुरा; म्हणजे गिटारीच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच. सर्व संपलें असें वाटून तो खिन्न बसला असतां कारखान्याच्या मुकादमानें त्याला जँगो राइनहार्ट याची तबकडी आणून ऐकविली. आगींत भाजून डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झाल्यावरहि राइनहार्टनें गिटारवादनांत जगभर कीर्ति मिळविली होती. आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें केलीं, त्यांवर चामडें चिकटविलें, आणि वाद्यावर नेहमींपेक्षां बारीक तारा चढविल्या. जी कलाकुसर जखमी बोटांना साधेना ती त्यानें सोडून दिली, आणि थोडेच स्वर एकत्र घेऊन ते भरदार वाजविण्याची वाट धरली. हेवी मेटलचा जो जडपणा म्हणतात त्याचें मूळ बऱ्याच अंशीं येथें आहे.

या वृंदाचें पूर्वीचें नांव दुसऱ्या एका मंडळीचेंहि निघालें, म्हणून १९६९ सालीं तें बदलावें लागलें. बोरिस कार्लोफ याच्या एका भयपटाचें नांव त्यांनीं उचललें. लोक पैसे मोजून भिण्यासाठीं जातात, मग संगीतानें भय कां दाखवूं नये, असा त्यांचा विचार. त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओंत, रॉजर बेन या निर्मात्याच्या देखरेखीखालीं, ते रोज जलशांत वाजवीत तेंच त्यांनीं एका दिवसांत वाजवून दिलें. पहिलें गाणें मुद्रित होतांच आयोमीची गिटार बिघडली. तेव्हां जवळची दुसरी घेऊन त्यानें उरलेलें काम पुरें केलें.

शीर्षकगीताच्या आरंभीं पाऊस, मेघगर्जना व घंटानाद ऐकूं येतो. हे आवाज मागाहून जोडलेले आहेत. मग गिटार तीनच स्वर उच्चारते. आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज व तीव्र मध्यम यांमधील अंतराला युरोपांत पूर्वीं सैतानाचें नांव चिकटलें होतें. भारतीय कानाला तो स्वर मुळींच भयंकर नाहीं. यमनांत तो किती प्रसन्न वाटतो! पण यमनांतील तीव्र मध्यम पंचमाच्या आश्रयाला जातो. येथें संथ लयींत तो पुनःपुन्हा येतो, आणि पंचमावर विसांवा म्हणून मिळत नाहीं. भय उपजतें तें या अडविलेल्या विसांव्यामुळें.

सैतानाच्या उल्लेखावरून या मंडळींवर सैतानपूजेचा आळ आला. वस्तुतः गीतांतील माणूस ती काळी आकृति पाहून गर्भगळित होतो व देवाचा धांवा करतो. नामांकित समीक्षकांनींहि नाकें मुरडलीं. श्रोत्यांनीं मात्र ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमधील खपाच्या यादींत आठव्या व अमेरिकेंत तेविसाव्या क्रमांकापर्यंत नेली.

५ जुलै २०२५ रोजीं हे चौघे ॲस्टनमधील व्हिला पार्क मैदानावर अखेरचे एकत्र वाजले. त्या जलशाचें उत्पन्न रुग्णसेवेच्या कार्यास देण्याचें ठरलें होतें. त्याच महिन्याच्या २२ तारखेस ऑस्बर्न निवर्तला.

हें संगीत सर्वांना आवडलेंच पाहिजे असें नाहीं. तथापि दार लोटण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एकवार मुलाशेजारीं बसून त्या पावसापासून शीर्षकगीत ऐकावें, आणि तीव्र मध्यम कोठें लागतो तें त्याला दाखवावें. कदाचित् त्या बोटांची हकीकत मुलालाहि ठाऊक नसेल.