दोन वर्षांचे महाविद्यालय आणि संगणकाची विद्या



विद्येचा मान आणि पदवीचा मान यांत अंतर आहे. बारावीचा निकाल लागला आणि अभियांत्रिकीच्या यादीत मुलाचे नाव आले नाही, की घरात सुतकासारखी शांतता पसरते. संगणकाच्या क्षेत्राला चार वर्षांच्या पदवीवाचून दुसरे दारच नाही, अशी समजूत रूढ झाली आहे. ती कितपत खरी, हे पारखण्यासाठी अमेरिकेतील ‘कम्युनिटी कॉलेज’ या संस्थेचा परिचय उद्बोधक ठरेल.

या संस्थेचा उगम १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी झाला. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन यांनी अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी हा प्रयोग आरंभिला. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी साहाय्य मिळाले. १९४७ साली अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचा विस्तार व्हावा, अशी शिफारस केली. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. शालेय शिक्षण पुरे केलेल्या कोणासही तेथे प्रवेश मिळतो. चढाओढीची परीक्षा नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशास प्रत्येक श्रेयांकामागे ४६ डॉलर शुल्क पडते आणि दोन वर्षांच्या पदवीस ६० श्रेयांक लागतात. म्हणजे मूळ शुल्क २,७६० डॉलर. पुस्तके व निर्वाहखर्च निराळा.

संगणकाचे शिक्षण तेथे हाताने शिकावयाचे असते. विद्यार्थी प्रथम यंत्र उघडून त्याचे भाग ओळखतो, बिघाड शोधतो, तारा जोडतो. पुढे लिनक्स, जाळ्यांची बांधणी, माहितीसाठ्यांची रचना, पायथनसारखी आज्ञावलीची भाषा आणि माहितीचे संरक्षण यांकडे वळतो. तंत्रज्ञ घडविण्याचे हे कार्य महत्त्वाचे मानून १९९२ साली अमेरिकेने कायदा केला व राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या महाविद्यालयांस साहाय्य देण्याचे काम सोपविले. १९९७ पासून सिस्को कंपनीचा जाळेविषयक अभ्यासक्रमही अनेक ठिकाणी शिकविला जाऊ लागला. वर्ग सायंकाळीही भरतात. त्यामुळे दिवसा दुकानात काम करणारा तरुण आणि मुले मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणारी गृहिणी एकाच बाकावर बसतात. तेथून बाहेर पडणाऱ्यास साहाय्य-कक्षातील अथवा जाळ्यांची देखभाल करण्याची नोकरी मिळू शकते, किंवा विद्यापीठात तिसऱ्या वर्षी दाखल होऊन पूर्ण पदवी घेता येते.

तथापि या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आरंभी बहुतेकांचा मनोदय विद्यापीठात जाण्याचा असतो. प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांशच तेथवर पोहोचतात. पोटापाण्याची ओढ, घरची जबाबदारी, तसेच पूर्वीचे श्रेयांक मान्य न होणे, ही त्याची कारणे होत. शिवाय या विद्येतील प्रमाणपत्र जन्मभर पुरत नाही. कित्येक प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षांतच संपते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे पहिल्या पायरीवरील काही कामे स्वतःच करू लागली आहेत. सबब एकदा शिकून स्वस्थ बसणाऱ्याचे हे क्षेत्र नव्हे.

मराठी कुटुंबांशीही या महाविद्यालयांचा संबंध येतो. पतीच्या नोकरीमुळे एच-४ परवान्यावर अमेरिकेत गेलेल्या स्त्रीस शिक्षण घेता येते. मात्र नोकरीची मुभा आपोआप मिळत नाही. २०१५ पासून ती केवळ काही ठराविक प्रकरणी अर्ज केल्यावर मिळते. लेकीचा विवाह ठरविताना हा भेद घरच्यांना ठाऊक असणे हिताचे.

खुद्द गोमंतकातही असे दार आहे. पणजी, मये व कुडचडे येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेणारास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची वाट खुली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली सामुदायिक महाविद्यालयांची योजना आखली; २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा परतण्याची तरतूद सुचविली. असे असूनही तंत्रनिकेतनात जाणाऱ्या मुलाचा उल्लेख नातेवाइकांत दबल्या आवाजाने होतो, ही खेदाची गोष्ट होय.

१९६१ नंतर गोव्याच्या कचेऱ्यांतून पोर्तुगीज भाषा मागे पडली, तेव्हा लायसेवमध्ये शिकलेल्या अनेक कारकुनांना प्रौढ वयात इंग्रजी आत्मसात करावी लागली. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. घर चालवावयाचे होते. त्याच पिढीच्या नातवंडांनी दोन-तीन वर्षांचा तांत्रिक अभ्यास कमी प्रतीचा का मानावा?

देवस्थानच्या गुणगौरवात डॉक्टर-इंजिनियरांची नावे वाचली जातात, ती अवश्य वाचली जावीत. त्यांच्याच पंक्तीत पदविकेच्या विद्यार्थ्याचेही नाव यावे. शिष्यवृत्तीचा काही अंश तंत्रनिकेतनाच्या शुल्कासाठी व प्रमाणपत्र-परीक्षांसाठी राखून ठेवावा. आणि मधेच शिक्षण सोडलेल्या मुलामुलींना पुन्हा शिकण्यास साहाय्य व्हावे. एखाद्या घरातील निकालाच्या दिवसाची शांतता त्यामुळे उणावली, तरी ती श्रींची सेवाच ठरेल. श्रीदेव सर्व महाजन कुटुंबांतील मुलांना विद्या, उद्योग आणि सद्बुद्धी देवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.