मुंबईतील व्यापार आणि कला

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरी नांदत नाहीत, अशी जुनी समजूत आहे. मुंबईचा इतिहास मात्र तिला सर्वस्वी दुजोरा देत नाही. व्यापारावर वाढलेल्या या नगरीत कलेला पुष्कळदा व्यापाऱ्यानेच आसरा दिला. परंतु आसरा देणे निराळे आणि मोकळीक देणे निराळे. या दोहोंचा मेळ जेथे बसला, तेथेच कला रुजली.

पहिले उदाहरण नाटकगृहाचे. इंग्रजांनी १७७६ साली कोटात वर्गणी जमवून एक नाटकगृह बांधले. ते कर्जात बुडाले आणि १८३५ साली विकावे लागले. देणी भागवून उरलेली रक्कम सरकारी तिजोरीत पडून राहिली. ती नव्या नाटकगृहासाठी मिळावी म्हणून नागरिकांनी अर्ज केला. त्यांत जगन्नाथ शंकरशेट हे अग्रणी होते. त्यांनी ग्रँट रोडवरील आपली जागा दिली आणि १८४६ साली तेथे नाटकगृह उभे राहिले. ती जागा कोटापासून दूर. साहेब लोकांना गैरसोयीची. परिणामी रंगमंच हळूहळू देशी मंडळींच्या हाती आला. १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर करणारे विष्णुदास भावे १८५३ साली आपली मंडळी घेऊन मुंबईस आले, तेव्हा त्यांचे खेळ याच नाटकगृहात झाले. त्याच वर्षी पारशी मंडळींचे नाटकही तेथे झाले. एका समाजासाठी बांधलेल्या घरात दुसऱ्यांची रंगभूमी वाढली, याचे कारण दार उघडे राहिले हे होय.

दुसरे उदाहरण लहान, पण अधिक बोधप्रद आहे. केकू गांधी यांनी १९४१ साली चित्रांच्या चौकटी बनविण्याचा ‘केमोल्ड’ हा धंदा सुरू केला. आरा, हुसेन यांच्यासारखे तरुण चित्रकार त्या वेळी गिऱ्हाइकाच्या शोधात होते. त्यांची चित्रे या दुकानात मांडली जाऊ लागली. चित्रामुळे चौकटीकडे लक्ष जाई, आणि दुकानामुळे चित्राला पाहणारा मिळे. येथे कोणी दाता नव्हता, कोणी याचकही नव्हता. १९६३ साली याच संबंधातून जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू झाली.

ते जहांगीर कलादालनही एका धनिक घराण्याचीच देणगी. सर कावसजी जहांगीर यांच्या दानातून ते १९५२ साली उघडले. तेथे प्रदर्शनाची तारीख मिळण्यास कलावंताला वर्षानुवर्षे थांबावे लागते. दालनाची कीर्ती हे त्याचे एक कारण खरे; परंतु शहर जितके वाढले तितकी कलेची घरे वाढली नाहीत, हे दुसरे कारण अधिक खरे.

वाढत्या शहरात कलेचा मोठा शत्रू म्हणजे जागेचे भाडे. नाटक मंडळीला रंगमंच एका संध्याकाळपुरता लागतो; तालमीची जागा मात्र कित्येक आठवडे लागते, आणि पडदे व सामान ठेवण्यास जागा तर बारमाही लागते. व्यापारी संस्थेचा ओढा साहजिकच उत्सवाकडे असतो, कारण तेथे कमानीवर नाव झळकते. तालमीच्या खोलीवर कोणी कमान उभारीत नाही. म्हणून उत्सव थाटात होतात आणि त्यांत काम करणारी मंडळी तालमीसाठी दारोदार हिंडतात.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान २ टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले. त्या कार्यांत कला व संस्कृती यांचा समावेश आहे. मात्र स्वतःच्या मालाची प्रसिद्धी साधण्यासाठी दिलेले प्रायोजन त्यात धरले जात नाही. दान आणि जाहिरात यांतील हा भेद नियमांनीच केला आहे. जाहिरात करणे हा काही गुन्हा नव्हे. तिला दान म्हणू नये, एवढेच.

तेव्हा व्यापारी आणि कलावंत यांनी संकोच सोडून प्रथम कागदावर करार करावा. कचेरीचा दिवाणखाना सायंकाळी रिकामा असतो. तो तालमीस कोणत्या वारी मिळेल, भाडे किती, कंपनीचे नाव कोठे छापावयाचे, मदत किती वर्षे चालेल आणि बंद करावयाची झाल्यास किती महिने आधी कळवावयाचे, हे सर्व त्यात असावे. नाटक कोणते करावे आणि चित्र कोणते लावावे हा निर्णय कलावंताचा, हे कलम तर ठळक अक्षरांत असावे. उलटपक्षी, कलावंतांनी पै-पैचा हिशेब वेळेवर द्यावा, जागा जशी मिळाली तशी परत करावी आणि कारखान्यातील कामगारांसाठी काही खुर्च्या राखाव्यात. मिंधेपणा नको, तसा बेहिशेबीपणाही नको.

शेटजींच्या मर्जीवर जगणारी कला त्यांची मर्जी फिरताच उपाशी मरते. कराराने जगणारी कला मान ताठ ठेवू शकते. आणि तिच्या ताठ मानेतच, तिला हात देणाऱ्याचीही खरी शोभा आहे.