गाभण गायीची वैरण



आपला जत तालुका खिलार जनावरांचा. मार्गशीर्षात यल्लमादेवीच्या यात्रेत बाजार भरतो. गिऱ्हाईक खोंडाचे दात बघते, शिंगे बघते, चाल बघते. पण खोंड पोटात असताना त्याच्या आईने काय खाल्ले, हे कोणी पुसत नाही. आज तेवढेच बोलू.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोर होतो. घरची खिलार गाय आठ महिन्यांची गाभण होती. ती पुढ्यातला कडबा अर्धा टाकायची. आमचे आबा म्हणायचे, "पोट भरलं तिचं. टाका बैलाला." मग आम्हीच तो उचलून बैलापुढे टाकायचो. महिनाभर असेच चालले. वासरू झाले ते काडीसारखे. उभेच राहीना. गायीला चीकही जेमतेम आला. तिसऱ्या दिवशी वासरू गेले. गायीचे पोट भरले नव्हते. पोटात जागा उरली नव्हती. हे आम्हांला फार उशिरा कळले.

गायीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांतला सर्वांत मोठा डाव्या अंगाला, त्याला कोटीपोट म्हणतात. वैरण आधी तिथे साठते. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. कडबा आंबवून पचवतात ते हे जंतूच. गाय सुमारे नऊ महिने नऊ दिवस गाभण राहते. पहिले सहा महिने वासरू लहानच असते. त्याच्या जन्माच्या वजनाचे तीन वाटे धरले, तर दोन वाटे शेवटच्या तीन महिन्यांत वाढतात. मग गर्भाशय कोटीपोटाला रेटते. त्यात वैरण कमी मावते, आणि आत गेलेली लवकर पुढे सरकते. म्हणजे गरज वाढली त्याच वेळी खाणे घटले! व्यायला दोन-तीन आठवडे राहिले की हे नीट दिसते.

त्यात नुसता कडबा म्हणजे आणखी अडचण. कडब्यात प्रथिने शंभरात तीन-चार भाग. जंतूंना काम करायला सात तरी लागतात. ती नसली की कडबा पोटात नुसता पडून राहतो, जागा अडवतो.

म्हणून शेवटचे दोन-तीन महिने थोड्या जागेत जास्त कस द्यावा. कडब्याची कुट्टी करा. दोन वेळांऐवजी चार वेळा थोडी थोडी घाला. जमेल तेवढा लसूणघास किंवा शेवरीचा पाला मिसळा. सरकीची पेंड आणि भुसा मिळून रोज एक ते दीड किलो द्या, पण एकदम नको. आठवडाभरात वाढवत न्या. मीठ आणि खनिज मिश्रण विसरू नका. पाणी हाताशी ठेवा. पाणी कमी पडले की खाणे आपोआप कमी होते. आपल्याकडे हेच कठीण, हे आम्ही जाणतो.

मात्र गायीने एकाएकी खाणे सोडले, रवंथ थांबवला, किंवा डावी कूस फुगली, तर ते गाभणपणाचे नव्हे. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.

कोणी म्हणतात, "जास्त चारलं तर वासरू मोठं होतं, गाय अडते." गाय फार माजली तर अडचण येते, ते खरे. पण उपाशी ठेवणे हा त्यावरचा इलाज नव्हे. वाळलेल्या गायीला कळा सोसत नाहीत, आणि व्यायल्यावर तिला पुन्हा माजावर यायलाही फार दिवस लागतात. बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत.